मदत हवी आहे: 'वाइंड डाउन' म्हणजे आराम करणं की गाशा गुंडाळणं?

नमस्कार मंडळी,

इंग्रजी फ्रेजल व्हर्बशी माझं तसंही फारसं जमत नाही, त्यात सध्या 'वाइंड डाउन'ने पिच्छा पुरवलाय. मॅनेजरच्या मेलमध्ये होतं, 'वी आर वाइंडिंग डाउन द प्रोजेक्ट ओव्हर द नेक्स्ट टू मंथ्स.' त्याच आठवड्यात चॅटवर त्यांचंच, 'आय नीड अ वीकेंड टु वाइंड डाउन.' शब्दकोशात तर गाडीची काच खाली करणं असाही अर्थ दिलाय! कुठे कोणता अर्थ घ्यायचा, हे ओळखायचं कसं? आणि 'आय वाइंड डाउन मायसेल्फ' चालेल का? मेलला उत्तर द्यायचंय, जाणकारांनी जरा लवकर सांगा.

प्रतिसाद १

चावीचं घड्याळ आठवा. चावी देणं म्हणजे 'वाइंड अप'. मग आतली स्प्रिंग सैल होत होत घड्याळ मंदावतं, ते 'वाइंड डाउन'. त्यामुळे अर्थ कोणताही घ्या, 'हळूहळू' त्यात आलंच.

आधी कर्म शोधा. प्रोजेक्ट, धंदा, कारखाना असं कर्म असेल तर काम आवरतं घेणं. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये बसतं: 'वाइंड इट डाउन'. कर्म नसेल तर कर्ता बघा. 'शी रीड्स टु वाइंड डाउन' म्हणजे ती निवांत होण्यासाठी वाचते. 'द पार्टी वॉज वाइंडिंग डाउन' म्हणजे पार्टी संपत आली होती. पार्टी काही आराम करत नाही. 'मायसेल्फ' मात्र लावू नका, नुसतं 'आय वाइंड डाउन' पुरे.

तुमच्या मेलचा अर्थ असा, की प्रोजेक्ट आजच बंद झालेला नाही, दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने आवरायचाय. एकदम टाळं लावायचं असतं तर बहुधा 'शट डाउन' लिहिलं असतं. उत्तरात सरळ विचारा, 'व्हिच टास्क्स शुड वी फिनिश फर्स्ट?'

काचेचं म्हणाल तर ते हँडल फिरवायच्या काळातलं. ब्रिटिश लोक अजून तसंच म्हणतात, अमेरिकन 'रोल डाउन' म्हणतात.

प्रतिसाद २

उच्चार 'वाइंड'च हं, वाऱ्याचा 'विंड' नव्हे. भूतकाळ 'वाउंड डाउन'. स्पेलिंग जखमेच्या 'वूंड'सारखंच, त्यामुळे मोठ्याने वाचताना भलेभले अडखळतात.

आणि 'अप' म्हणजे 'डाउन'च्या उलट, असं धरून चालू नका. कंपनी 'वाइंड अप' करणं म्हणजे ती कायद्याने कायमची गुंडाळणं. ब्रिटिश बोलीत माणसाला 'वाइंड अप' करणं म्हणजे त्याला मुद्दाम डिवचणं. इंग्रजीला तरी काय बोलणार!

धागाकर्ता

दोघांचेही आभार, मेल पाठवला. एक शेवटचं: 'रिलॅक्स'च्या जागी हे सरसकट वापरता येईल?

प्रतिसाद १

नाही. घाबरलेल्या माणसाला 'रिलॅक्स' किंवा 'काम डाउन' म्हणतात. 'वाइंड डाउन' दिवसभराच्या धावपळीनंतर, सावकाश.