विहिरीत काळ्या पाषाणाखाली लाल माती कशी काय?

केजकर_शेतकरी
राम राम मंडळी. शिवारात विहिरीचं काम चालू आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग असला कडक काळा पाषाण की सुरुंगाशिवाय टवका निघंना. परवा पाच परस खोलीवर तो फुटला, तर खाली हात-दीड हात जाडीचा लालभडक थर! ओला केला की बोटाला कुंकवासारखा रंग लागतो. त्याच्याखाली परत दगडच. चुलते म्हणतात, जुनं गाव गाडलेलं आहे, ही भाजक्या भिंतींची माती. शेजारी म्हणतो गुप्तधन. धन निघालं तर बरंच, बँकेचं तरी भागेल. पण एवढ्या पाषाणाखाली माती गेली कशी?

नाना_लातूर
गुप्तधन निघालं तर इथं लिहू नका, एवढंच सांगतो.

भूगोलमास्तर
चुलत्यांचं अर्धं खरं आहे. माती भाजलेलीच आहे, फक्त ती भाजली तेव्हा गाव सोडा, माणूसच नव्हता.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा वर आला. शंकूसारखा डोंगर फुटला असं नाही. पातळ लाव्हा नुसता पसरत गेला, थंड होऊन त्याचाच हा काळा पाषाण झाला, मग पुन्हा पुढचा थर. आपला भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता! दोन थरांमध्ये कधी कधी मोठी उसंत मिळायची. तेवढ्यात वरचा दगड ऊनपावसानं कुजायचा, त्यातलं लोखंड गंजायचं आणि लाल माती व्हायची. काही ठिकाणी तिच्यात ज्वालामुखीची राखही असते. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे दादा, तुम्ही आज जिथं उभे आहात ती एके काळची उघडी जमीन. तिच्यावर पाऊस पडलेला आहे. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत.

पाषाणाच्या वरच्या अंगाला भोकं आणि त्यात पांढरे स्फटिक दिसले असतील तर बाजूला ठेवा. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची ती भोकं. पुढं गरम पाण्यातली खनिजं त्यात साचली. जालना आणि संभाजीनगरकडचे असे स्फटिक परदेशातले संग्राहक पैसे मोजून घेतात. गुप्तधन म्हणायचं तर ते हेच.

नाना_लातूर
मास्तर, मग हा काळा दगड खाली संपतो का नाही? का पाताळापर्यंत तोच?

भूगोलमास्तर
संपतो की. तुमच्याच जिल्ह्यात किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा साधारण 340 मीटरवर संपला. त्याखाली थोडा गाळ आणि मग दोनशे कोटी वर्षांहून जुना खडक. सह्याद्रीकडं हाच काळा दगड किलोमीटरहून जाड आहे, पूर्वेला पातळ होत जातो. देगलूर-बिलोलीकडं गेलात तर तो जुना खडक जमिनीवरच उघडा दिसतो.

क्रेनवाला_आष्टी
शास्त्र मास्तरांनी सांगितलं, कामाचं मी सांगतो. आमच्या टोळीला हा लाल थर नेहमीच लागतो. ही चिकण माती, पाणी खाली सोडत नाही, म्हणून तिच्या माथ्याला ओल आहे का बघा. बऱ्याचदा झरा तिथंच फुटतो. कोरडी असली तरी काम थांबवू नका. खालच्या दगडाचं तोंड भुसभुशीत, भोकाभोकाचं असलं तर पाण्याची आशा धरायची. मात्र हा थर भिजला की पोटातून सुटतो आणि वरचा पाषाण अधांतरी राहतो. गडी खाली असताना वरून कपारी आली की संपलं.

केजकर_शेतकरी
माथ्याला उत्तरेच्या अंगाला बोटभर ओल आहे! चुलत्यांना दाखवली, तर म्हणतात गावाची पाणवठ्याची बाजू असंल. आता थराला दगडी बांधकाम करू का सिमेंटची रिंग?

क्रेनवाला_आष्टी
रिंग. थराच्या वर-खाली दोन-दोन फूट दगड धरूनच घ्या, आणि ओलीच्या बाजूला पाइपाचे तुकडे घालून भोकं ठेवा, नाहीतर झरा कोंडून बसेल. मिरगाच्या आत उरका.