'लीड' आणि 'सिग्नल'ला मराठीत काय म्हणाल?

केळीबाग
जळगावात आमचा छोटा ग्रुप आहे, साल्सा-बचाटा हे जोडीने करायचे नाच शिकतो. शिकवणाऱ्यांच्या नोट्स मराठीत करतोय आणि एका वाक्याशी अडलोय, "मूव्ह सिग्नल करू नका, लीड करा". मी लिहिलं "इशारा करू नका, पुढाकार घ्या". ग्रुपमधल्या एका ताईंनी लगेच धरलं, पुढाकार म्हणजे आधी सुरुवात करणं, त्यात जोडीदाराला सोबत घेणं कुठे आलं? बरोबरच आहे त्यांचं. साल्सात पाचच्या ठोक्याला वळायचं असेल तर हात त्याआधी वर जातो. नुसताच वर गेला तर तो सिग्नल, समोरची आधी शिकलेली असेल तरच वळणार. पण स्वतःचं वजन सरकवून, हाताशी हलका दाब ठेवून तिला त्या दिशेला घेतलं तर ती स्टेप कधी न शिकलेली बाईसुद्धा वळते. ते लीड. शुक्रवारी छापायला द्यायचंय.

तापीकाठ
सरळ 'नेणे' घ्या. 'नी' धातू आहे, नेता, नायक त्यातूनच, आणि अभिनयसुद्धा! लग्नाला परिणय म्हणतात तेही अग्नीभोवती नेणं. 'नेतृत्व' मात्र नको, प्रचारसभेत गेल्यासारखं वाटतं.

जुनीपोथी
जुन्या मराठीत 'नेणे' म्हणजे 'जाणत नाही', नेणता त्यातलाच. शिवाय आज आपण नेतो ते सामान, नाहीतर पेशंटला दवाखान्यात. नाचात कोणी कोणाला नेत नाही.

शिवारभो
बैलगाडीत बघा ना भो. चांगला धुरकरी कासरा नुसता ताणून ठेवतो, बैलाला ताण बदललेला कळतो आणि तो वळतो, ते लीड. तोंडाने हाक मारली की सिग्नल. 'चालवणे' म्हणा.

धुळ्याचीलेक
दादा, जोडीदार बैल नाहीये. लिंडी हॉप नावाच्या जोडीच्या नाचात फॉलो करणारी स्वतःचं काहीतरी घालते आणि लीड करणाऱ्याला तिचं ऐकावं लागतं. 'चालवणे' छापलंत तर क्लासला एकही मुलगी येणार नाही, आणि मी त्यांच्याच बाजूने असेन. आपल्याकडे याचा अनुभव बायकांना फुगडीत आहे. हातांचा तिढा, पायाची बोटं जवळजवळ, अंग मागे टाकायचं. वेग वाढवायचा तर कोणी सांगत नाही, खुणावतही नाही, एकीने अंग जरा जास्त मागे टाकलं की दुसरीच्या दंडाला कळतं आणि तिला तेवढंच मागे जावं लागतं, नाहीतर तोल जातो. याला आम्ही 'ओढ देणे' म्हणायचो.

तापीकाठ
'ओढ देणे' सुंदर आहे ताई. पण साल्सात ढकलही असते ना? नुसती ओढ कशी पुरेल?

जंक्शनवाला
लीड, सिग्नल तसेच ठेवा. भुसावळात अख्खी हयात रेल्वेत गेली, सिग्नलला संकेत म्हणणारा एक माणूस भेटला नाही. शब्द वापरणाऱ्याचा असतो.

जुनीपोथी
महापौर, दिनांक हे सावरकरांनी सुचवलेले शब्द, आज रोज वापरतो. वापरायचेच नाहीत ठरवलं तर रुळणार कसे? आणि संकेत म्हणजे दोघांत आधी ठरलेलं, सिग्नलचा नेमका हाच अर्थ केळीबाग यांना हवाय. इशारा तर अरबीतून आलेला.

जंक्शनवाला
अरबीतून आला म्हणून परका कसा? माझी आजी अहिराणी बोलायची, तिच्या तोंडीही इशाराच होता.

रातपाळी
टँगोवाल्यांनी गोंधळ आणखी वाढवलाय. ब्युनोस आयर्सकडे लीडला 'मार्का' म्हणतात, स्पॅनिशमधे त्याचा साधा अर्थ खूण! म्हणजे छातीच्या हालचालीने, शब्द न बोलता जे सर्वात बारीक लीड करतात त्यांनी नाव दिलं खुणेचं. आणि खरा इशारा नाच सुरू व्हायच्या आधी असतो, कॅबेसेओ, लांबूनच मानेने विचारायचं नाचणार का.

केळीबाग
मग 'खूण करू नका' लिहिलं तर टँगोवाले भांडतील? ओढ, ढकल, वजन, तोल, एकच क्रियापद द्या हो कोणीतरी.

शिवारभो
ताई, कासऱ्याचं म्हणणं ताणापुरतंच होतं, राग नसावा. पण अक्कलकुव्याकडे काठी गावच्या होळीत ढोल वाजतो आणि सगळा घोळका त्यावर नाचतो. तिथे कोणी कोणाला धरलेलं नसलं तर लीड कोणाचं, ढोलाचं?

धुळ्याचीलेक
राग नाही. पण ढोल कानाला कळतो, फुगडी दंडाला, मी दोन्हीला एक शब्द देणार नाही. कानबाईच्या उत्सवाच्या रात्री फुगडी खेळून बघा घरातल्या बायकांना विचारून.

तापीकाठ
आणि बसफुगडी? आमच्याकडे ती समोरासमोर उकिडवं बसून खेळतात, हात धरत नाहीत, तरी दोघींची लय जुळते. ती ओढ म्हणायची की इशारा?

धुळ्याचीलेक
तुमच्याकडे हात धरत नाहीत? आमच्याकडे धरतात. कुठलं गाव तुमचं?