मदत हवी आहे : चवड्याखालची जखम कडेने भरत नाही

मंडळी, पेडण्यातल्या एका मधुमेही शेतकऱ्याच्या चवड्याखालची जखम अडकली आहे. तळ लाल, दाणेदार, छान. पण कडा पांढऱ्या, फुगलेल्या, त्यामुळे कडेच्या पेशी आत सरकतच नाहीत. त्यांना ओल हवी, डबकं नको. ४ आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं होतं, आलं नाही. पायाची नाडी लागते, म्हणजे रक्तपुरवठा आहे; प्रोब (जखमेची खोली तपासायची बोथट सळई) हाडाला टेकत नाही. घट्टा तासलाय, सलाइननेच धुतो. हायड्रोजन पेरॉक्साइड नाहीच, ते फायब्रोब्लास्टही (जखम भरून काढणाऱ्या पेशी) मारतं. अल्जिनेट पट्टी (जखमेतला स्राव शोषणारी, समुद्री शेवाळापासूनची) संध्याकाळपर्यंत चिंब होते. वर स्राव शोषणारी फोमची पट्टी घालू? ओल लागू नये म्हणून कडांना झिंक ऑक्साइडचं मलम लावू? आणि मुख्य म्हणजे, लावणीमुळे बिचाऱ्याला घरी बसवत नाही. चवड्यावरचा भार काढणारं, धुता येईल असं पादत्राण गोव्यात कोण बनवून देतं?