मदत हवी आहे: आजोबांचा लायका एम३ कॅमेरा कुणाकडं दुरुस्तीला द्यावा?

नमस्कार मंडळी. परभणीला आमच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. परवा माळ्यावरची ट्रंक उघडली तर त्यांचा लायका एम३ निघाला, ५० मिमी लेन्ससकट. १९५४ साली आलेलं हे मॉडेल. बॅटरी नाही, लाइट मीटर नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा लेन्सची रिंग फिरवून एकमेकींवर आणल्या की फोकस बसतो, आणि ते अजूनही अचूक जुळतंय! लायका बनवणाऱ्या जर्मन कंपनीतल्या ऑस्कर बर्नाकनं सिनेमाची ३५ मिमी फिल्म छोट्याशा कॅमेऱ्यात बसवली, १९२५ मध्ये पहिला लायका बाजारात आला. लोक यासाठी लाखभर रुपये का मोजतात, ते हा हातात घेतल्यावर कळलं.

अडचण अशी की शटरचे हळू स्पीड अडकतात. १ सेकंदावर ठेवला की शटर उघडंच राहतं. लेन्समध्ये बुरशीचे धागेही दिसतात. इथले एक दुकानदार खोलून बघतो म्हणाले, पण द्यायला माझा जीव धजला नाही.

संभाजीनगर, नांदेड किंवा पुण्यात रेंजफाइंडर (असा दोन प्रतिमा जुळवून फोकस होणारा कॅमेरा) उघडणारा जाणकार कारागीर कुणाला माहीत आहे का? खर्च किती येईल? बुरशी काढताना लेन्सचं कोटिंग जातं का?

विकायचा नाही. वेरूळच्या कैलास लेण्याचे फोटो आजोबांनी यानंच काढले होते, पहिला रोल मला तिथंच संपवायचाय.