ऑनलाइन पोकर सरसकट बंद केलं, हे तुम्हाला पटलं का?

चिंचवडकर_के

नमस्कार मंडळी, विषय नाजूक आहे पण विचारतोच. ऑगस्ट 2025 मधे केंद्राने ऑनलाइन मनी गेमिंगवर, म्हणजे पैसे लावून खेळायच्या खेळांवर, बंदीचा कायदा आणला, 20 तारखेला लोकसभेत मांडला आणि त्याच दिवशी गोंधळात मंजूर, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या मोठ्या धंद्यावर आणि इतक्या लोकांच्या नोकऱ्यांवर परिणाम करणारा कायदा, ना कुठल्या समितीकडे गेला ना कोणी खेळणाऱ्यांना विचारलं. मी रात्री जेवणं झाल्यावर पोकर खेळायचो, छोट्या बाय-इनच्या (प्रवेश रकमेच्या) टूर्नामेंट, महिन्याचं बजेट ठरलेलं, बायकोला सगळं माहीत. केवायसी पॅन आधार सगळं दिलेलं होतं, जिंकलं की 30 टक्के टीडीएस जायचा, ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला तोही सरकारने घेतला. मग पांढऱ्या पैशात उघडपणे चाललेली गोष्ट एकदम गुन्ह्याच्या रांगेत कशी काय बसवली?

आणि मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांवर पैसे लावता येतात, गोव्यात मांडवीत बोटीवर जाऊन रात्रभर पत्ते खेळता येतात, राज्याची स्वतःची लॉटरी 1969 पासून चालू आहे. लॉटरीत तर नुसतं नशीब, पोकरमधे निदान कधी फोल्ड करायचं, म्हणजे डाव सोडून द्यायचा, हे तरी माझ्या हातात असतं. माझा या बंदीला विरोध आहे. इथे अजून कोणाचा आहे का, आणि असेल तर नेमका कुठल्या मुद्द्यावर धरायचा?

गोदाकाठ

भाऊ तुमचं बजेट ठरलेलं होतं, माझ्या चुलत भावाचं नव्हतं. रमी. आधी पगार, मग पतपेढीचं कर्ज, मग वहिनीचं मंगळसूत्र गहाण, आणि घरात कळलं ते वसुलीवाले दारात आल्यावर. सरकारच म्हणतंय की 45 कोटी लोक वर्षाला 20 हजार कोटी घालवतात. जाहिरातीत क्रिकेटर आणि हिरो येऊन खेळा म्हणायचे, कोपऱ्यात बारीक अक्षरात सावधान. त्यामुळे मला बंदीचं वाईट वाटलं नाही, स्पष्टच सांगतो.

चिंचवडकर_के

दादा, तुमच्या घरात जे झालं ते ऐकून खरंच वाईट वाटलं आणि ते मी हलक्यात घेत नाहीये. जाहिरातींबद्दल तर शंभर टक्के तुमच्या बाजूने, त्या आधीच बंद व्हायला हव्या होत्या. पण मला सांगा, महिन्याला अमुकच रक्कम भरता येईल अशी सक्तीची मर्यादा असती, किंवा घरच्यांनी अर्ज केला की खातं गोठवायची सोय असती, तर भाऊ मंगळसूत्रापर्यंत गेला असता का? एप्रिल 2023 मधे याच सरकारने आयटी नियमात बदल करून स्वयंनियमन संस्था नेमायचं ठरवलं होतं, कुठले खेळ चालतील ते त्या तपासणार होत्या. एकही संस्था उभी राहिली नाही. स्वतः केलेले नियम राबवले नाहीत आणि दोन वर्षांनी थेट कुलूप, याचा मला राग आहे.

काळाकोट_औरंगपुरा

कायद्याचा मुद्दा विचारलाय म्हणून लिहितो. 1867 च्या जुगार कायद्यातच कौशल्याच्या खेळांना सूट आहे. 1957 च्या चमारबागवाला निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही पण जिथे कौशल्य मुख्य आहे ती स्पर्धा जुगार नाही. 1967 ला रमी कौशल्याचा खेळ ठरली, 1996 ला घोड्यांच्या शर्यती. तामिळनाडूने 2022 ला कायदा करून ऑनलाइन रमी-पोकर बंद केलं तेव्हा मद्रास हायकोर्टाने 2023 मधे ते दोन खेळ बंदीतून बाहेर काढले. आता नव्या कायद्यात कौशल्य असो की नशीब, पैसे लावले की मनी गेम, विषय संपला. खरी लढाई इथे आहे. दुसरं म्हणजे जुगार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय, 34 क्रमांकाची नोंद, मग केंद्राने तो कुठल्या अधिकारात घेतला? कर्नाटक, दिल्ली, मध्य प्रदेश इथल्या याचिका सप्टेंबर 2025 मधे सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या.

आणि हो, खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, लोक उगाच घाबरलेत. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाख.

लेस्टरची_मंजिरी

इकडे यूकेत सगळं कायदेशीर आहे पण मोकाट नाहीये हे सांगायला आले. क्रेडिट कार्डने जुगार खेळणं एप्रिल 2020 पासून बंद. गॅमस्टॉप म्हणून एक सोय आहे, तिथे एकदा नाव नोंदवलं की लायसन्स असलेली प्रत्येक साइट तुम्हाला बाहेर ठेवते, एकेका साइटला जाऊन सांगावं लागत नाही, आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत मन बदललं तरी नाव काढता येत नाही. माझ्या ऑफिसमधल्या एकाने नाव घातलंय, तो उघडपणे सांगतो. म्हणजे इकडे प्रॉब्लेम नाहीत असं नाही, हाय स्ट्रीटवरची बेटिंगची दुकानं बघून जीव कासावीस होतो, पण कंपनीने नियम मोडला तर तिला धरायला जुगारावर नजर ठेवणारं सरकारी कमिशन तरी आहे. पॅन आणि आधार जोडलेल्या देशात अशी यादी करणं किती सोपं होतं!

गोदाकाठ

मी अजूनही बंदीच्या बाजूनेच आहे, पण एक सांगतो, भाऊ थांबलेला नाही. टेलिग्रामवर ग्रुप आहे, तिथून व्हॉट्सॲप नंबर मिळतो, त्याला मेसेज केला की आयडी पासवर्ड येतो. केवायसी काही नाही. पैसे भरायला क्यूआर पाठवतात, दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचा, एकदा तर कुठल्यातरी मोबाइल रिचार्जच्या दुकानाचा होता. मागच्या महिन्यात हा जिंकला तर म्हणे आधी प्रोसेसिंग फी भरा, ती भरली तर म्हणे टॅक्स भरा, मग ब्लॉक. आधी निदान बँकेच्या स्टेटमेंटला कंपनीचं नाव दिसायचं, वहिनीला कळायचं तरी. आता काय बघायचं आणि कोणाकडे जायचं?

चिंचवडकर_के

माझा विरोध याच्यासाठीच आहे दादा. ज्याला स्वतःला आवरता येतं तो माझ्यासारखा गप घरी बसला, ज्याला येत नाही त्याला बिननावाच्या लोकांच्या तावडीत दिलं. कंपनी पुण्या-मुंबईत असती तर तिला नोटीस काढता आली असती, सर्व्हर परदेशात आणि खाती भाड्याची असली की पोलिसांनाही पत्ता लागत नाही.

काळाकोट_औरंगपुरा

गोदाकाठ, बाकी वाद नंतर. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आजच फोन करा, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही तक्रार टाका. महिना झालाय म्हणजे पैसे मिळतीलच असं नाही, पण ती खाती गोठवता येतात. भावाला चॅट डिलीट करू देऊ नका, क्यूआरचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक काढून ठेवा. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही हे त्याला नीट समजावा, भीतीपोटीच लोक तक्रार करत नाहीत. लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्ज लिहून देतो.