झिर्कोनिया कोटिंग सुटलंय का ते अल्ट्रासॉनिकने कसं बघायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्याकडे निकेल अलॉयच्या प्लेटवर प्लाझ्मा स्प्रेने यिट्रियावालं झिर्कोनिया (एक सिरॅमिक) मारतात, जाडी साधारण ३०० मायक्रॉन, मधे बॉन्ड कोट (सिरॅमिक धातूला धरून ठेवणारा थर) आहेच. कोटिंग कुठे धातूपासून सुटलंय का हे पीस न कापता बघायचंय. आधी नेहमीचा ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (आवाज सोडून परत ऐकणारा) लावून बघितला पण काहीच वेगळं दिसेना, आणि ते बरोबरच आहे म्हणा, स्प्रे केलेल्या सच्छिद्र थरात आवाजाचा वेग सेकंदाला ३००० मीटरच्या आसपास धरला तर वेव्हलेंथच ०.६ मिमी येते, म्हणजे थराच्या दुप्पट, मग थर वेगळा कसा दिसणार. आता २० मेगाहर्ट्झचा इमर्शन प्रोब (पीस पाण्यात बुडवून वापरायचा) घेतलाय.

माझी खरी अडचण अशी की बॉन्ड चांगला असला तरी जोडावरून इको (परतलेला आवाज) येतोच, सिरॅमिक आणि धातूच्या इम्पिडन्समधे (घनता गुणिले आवाजाचा वेग) फरकच तेवढा आहे. मग इकोच्या नुसत्या उंचीवरून ठरवायचं कसं? कोटिंगच्या बाजूने बघितलं तर सुटलेल्या जागी मागे हवा असते म्हणून इकोची फेज उलटी (लाटेचा वरचा भाग खाली) व्हायला पाहिजे, पण कोटिंगच्या बारीक छिद्रांमधे आवाज इतका विखुरतो की ती नीट वाचताच येत नाही. म्हणून वाटतंय धातूच्या बाजूनेच मारावं, तिथे सुटलेल्या जागेचा इको जवळपास दुप्पट, म्हणजे ६ डीबी जास्त यायला हवा. कोणी असं करून बघितलंय का?

कोटिंगच्या बाजूने बघताना तुलनेला लागणाऱ्या रेफरन्स पीससाठी (मुद्दाम दोष केलेला नमुना) धातूच्या बाजूने कोटिंगपर्यंत सपाट तळाचं भोक पाडायचं म्हणतोय, पण ड्रिलच्या दाबाने आजूबाजूचंच कोटिंग सुटेल अशी भीती वाटते, ईडीएमने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून) पाडावं का? आणि टाकीतलं पाणी कोटिंगच्या छिद्रांत मुरल्यावर रीडिंग बदलतं, त्याला काय करता तुम्ही?