वुडलँड्समधलं क्रेडल ग्रेव्ह: काय लावावं, अक्षरं कशी वाचावीत, नोंदी कुठे शोधाव्यात?

ओसरी

नमस्कार मंडळी. फिलाडेल्फियाच्या वुडलँड्स दफनभूमीत स्वयंसेवकांकडे एकेक जुनं थडगं सोपवतात. त्यात फुलं लावायची, निगा राखायची आणि तिथे कोण निजलंय याचा माग काढायचा. ही थडगी 'क्रेडल ग्रेव्ह' प्रकारची आहेत: डोक्याशी उभी शिळा, पायाशी छोटा दगड आणि दोन्ही बाजूंनी बुटके दगडी कठडे. मधली जागा मातीची, म्हणजे घडवतानाच केलेला वाफा. एकोणिसाव्या शतकात घरची माणसं इथे येऊन स्वतः बागकाम करत.

माझ्याकडच्या थडग्यातली जागा पावणेपाच फूट बाय दीड फूट आहे. दगड संगमरवरी. पूर्वेला मेपल असल्यामुळे दुपारी बारापर्यंत सावली, मग ऊन. माती टणक, वर गवत. शिळेवर काळे-हिरवे डाग आहेत. 'रेलिक्ट ऑफ' एवढं आणि आडनाव लागतं, सालाचा तिसरा आकडा लागत नाही. झाडं व्हिक्टोरियन काळाला शोभतील अशी हवीत. झेंडू, शेवंती चालेल का? शिळा कशाने धुवावी? आणि या बाईंचा शोध कुठून सुरू करावा?

खुरपं

मातीबद्दल आधी, कारण बहुतेक नुकसान तिथेच होतं. गवताचा थर खुरप्याने दीड-दोन इंच मुळांसकट सोलून काढा. मग माती वाफशावर असताना (मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा) हातकाट्याने वरची सहा इंच मोकळी करा. त्याखाली जाऊ नका. खाली दफन आहे हे तर झालंच, पण जुने कठडे बऱ्याचदा पायाविना नुसते मातीत उभे असतात. आतली माती खोल उकरली की ते आत झुकतात, आणि झुकलेला कठडा सरळ करणं हे बागवानाचं काम नाही.

कंपोस्टचा दोन इंच थर म्हणजे तुमच्या जागेला साधारण १.२ घनफूट. एक घनफुटाची एक पिशवी जवळजवळ पुरते. मातीची पातळी कठड्याच्या काठाखाली इंचभर राहू द्या, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत चिखल संगमरवरावरून ओघळेल. उभ्या शिळेपुढे तीन इंचांचा पट्टा रिकामा ठेवा. ओली माती टेकली की दगड पाणी शोषून घेतो, पाण्याबरोबर क्षार वर चढतात, पाणी सुकलं की दगडाच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक फुगतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणूनच रासायनिक खत अजिबात नको. तणनाशकही नको.

आता झाडं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कंद लावा. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल हा हिशोब: डॅफोडिल सहा इंच, क्रोकस तीन इंच. सात चौरस फुटांना बारा डॅफोडिल आणि पंचवीस क्रोकस भरपूर झाले. डॅफोडिलमध्ये 'नार्सिसस पोएटिकस' घ्या. पांढऱ्या पाकळ्या, मधे लाल कडेची पिवळी वाटी. हा जुना प्रकार आहे, त्या काळाला शोभतो. फुलं ओसरल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत, साधारण सहा आठवडे, कापू नका. पुढच्या वर्षाचं फूल त्या पानांवरच पोसलं जातं.

मधल्या भागात हूकेरा आणि डायँथस लावा. ब्लीडिंग हार्ट सुंदर आणि अगदी त्या काळातलं, पण कडक उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतं आणि तिथे खळगा दिसतो. तो अॅलिसमने भरा. झेंडू जरूर लावा, तो मूळचा मेक्सिकोचाच आहे. बुटका, फ्रेंच मॅरिगोल्ड म्हणतात तो घ्या, आणि थंडी पूर्ण गेल्यावर, मेच्या मध्याला लावा. शेवंतीचं एकच रोप, पायाकडच्या बाजूला, वसंतात लावा आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत शेंडे खुडत राहा. शरदात दुकानात फुललेल्या कुंड्या मिळतात, त्या बहुधा हिवाळा काढत नाहीत, कारण मुळं धरायला वेळच मिळत नाही.

आयव्ही, विंका आणि लिली ऑफ द व्हॅली टाळा. आयव्हीची मुळं दगडाच्या सांध्यात शिरतात आणि नंतर ओढून काढताना दगडाचे कण घेऊन निघतात.

पाथरवट

धुण्याआधी दगड तपासा. कोपऱ्यावर बोट अलगद फिरवा. साखरेसारखे दाणे बोटाला लागले तर तो संगमरवर सुटा झालाय, त्याला ब्रश लावायचा नाही. शिळा डुगडुगत असेल तरी नाही. दोन्ही वेळा दफनभूमीच्या कार्यालयाला कळवा. धुण्याची परवानगीसुद्धा आधी त्यांच्याकडूनच घ्या.

दगड ठणठणीत असेल तर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. आधी अख्खी शिळा चिंब भिजवा, मग खालून वर घासत जा. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उमटतात आणि ते हट्टी असतात. दगडफुलाचे ठिपके भिजवून लाकडी पट्टीने सोडवा. हिरवा थर उरलाच तर डी-टू नावाचं, दगडावरचं शेवाळ मारणारं द्रावण फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, घासा आणि धुऊन टाका. काळे डाग त्याच दिवशी जात नाहीत, पुढचे काही आठवडे हळूहळू उजळतात. म्हणून पुन्हा पुन्हा घासू नका. रात्री गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर कामच काढू नका.

ब्लीच, व्हिनेगर, तारेचा ब्रश, पाण्याचा प्रेशर पंप, सगळं वर्ज्य. व्हिनेगर संगमरवराला सरळ विरघळवतो. ब्लीच त्या दिवशी पांढरंशुभ्र दाखवतं आणि छिद्रांमध्ये क्षार सोडून जातं.

अक्षरं वाचायला खडू किंवा शेव्हिंग क्रीम फासू नका. एक मोठा आरसा घ्या, दुसऱ्या माणसाला आठ-दहा फुटांवर बाजूला उभं करा आणि सूर्याचा कवडसा शिळेवर अगदी तिरका, जवळजवळ घासून जाईल असा पाडायला सांगा. झिजलेल्या खाचांत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. कवडसा डावीकडून आणि उजवीकडून पाडून वेगवेगळे फोटो काढा, मग कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवा. १ आणि ४, १ आणि ७, ३ आणि ८ या जोड्यांत फसगत होते. हे इंग्रजी आकड्यांचं म्हणतोय.

दफ्तरी

'रेलिक्ट' म्हणजे विधवा. नवऱ्यामागे राहिलेली. ('कॉन्सॉर्ट' असतं तर ती नवऱ्याआधी गेली.) तेव्हा प्लॉट बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असेल. शिळेवरून शोध सुरू करू नका. कार्यालयातून सेक्शन (दफनभूमीचा विभाग) आणि लॉट (म्हणजे प्लॉट) नंबर घेऊन त्या लॉटचं कार्ड मागा: मालक कोण, कोणाला कधी पुरलं. तिसरा आकडा तिथेच सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त.

मग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फिलाडेल्फिया शहराचे मृत्युदाखले पाहा, १८०३ ते १९१५, फुकट आहेत. शहराची रीतसर मृत्युनोंदणी १८६० पासूनची. त्याआधीच्या नोंदी म्हणजे दफनभूम्या आरोग्य मंडळाला पाठवत त्या याद्या, तपशील तुटपुंजा. जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५० पासून आणि कुटुंबप्रमुखाशी नातं १८८० पासून. १८९० ची जवळजवळ सगळी गेली, १९२१ च्या आगीमुळे. ती पोकळी शहराच्या डिरेक्टऱ्यांनी (रहिवाशांची नावं-पत्ते छापलेल्या जुन्या पुस्तकांनी) भरा. विधवेच्या नावापुढे तिथे नवऱ्याचं नाव छापलेलं असतं, म्हणजे दोघांची गाठ एका ओळीत पडते. मात्र १८५७ मध्ये घरांचे क्रमांक बदलले. १८५५ चा पत्ता आणि १८६० चा पत्ता वेगळा दिसला म्हणून घर बदललं असं धरू नका.

नाव जुळलं की माणूस सापडला, असं नाही. नाव, साल आणि नात्यातलं आणखी एक माणूस, तिन्ही जुळेपर्यंत पेन्सिलनेच लिहा. आणि दगड आहे म्हणजे मृत्यू तिथेच झाला असंही नाही. आपल्या आनंदीबाई जोशींचंच पाहा. १८८६ मध्ये याच फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, आणि रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनाच्या जागेत आहे. न्यूयॉर्कच्या मृत्युनोंदीत शोधलं तर त्या कधीच सापडणार नाहीत. दफनभूमीच्या रजिस्टरात मात्र सापडाव्यात. वुडलँड्सची स्थापना १८४० ची. शिळेवर मृत्यूचं साल त्याआधीचं निघालं तर बहुधा देह किंवा निदान शिळा दुसरीकडून हलवलेली आहे, आणि मग ती मूळ जागा शोधावी लागेल.

ओसरी

खूप आभार. लॉट कार्डासाठी आजच लिहिते. दोन शंका उरल्या: मेपलची मुळं वाफ्यात आलीत, ती तोडू का? आणि पाणी किती?

खुरपं

अंगठ्यापेक्षा जाड मूळ तोडू नका, दोन मुळांमधल्या खळग्यात लावा. तिथे छोटी रोपं घ्या, मोठ्या कुंडीतलं रोप बसत नाही. मेपल सगळी ओल पिऊन टाकतो, म्हणून जून ते ऑगस्ट, पाऊस नसेल त्या आठवड्यात इंचभर पाणी द्या, म्हणजे तुमच्या जागेला सुमारे १७ लिटर. एकदम ओतलं तर कठड्यावरून वाहून जाईल. निम्मं द्या, दहा मिनिटांनी उरलेलं. झारी रोपांच्या बुंध्याशी धरा, शिळेवर उडवू नका.

आणि खारी क्रोकसचे कंद उकरतात, डॅफोडिल विषारी म्हणून सोडतात. लावल्यावर जाळी अंथरून कडा मातीत दाबा आणि फेब्रुवारीत कोंब दिसायच्या आधी काढा. उशीर झाला तर कोंब जाळीत अडकून तुटतात.